दोन वर्षांचा ससा कालपासून खात नाही, लेंड्याही बंद झाल्यात. घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सांगलीत फ्लॅटमध्ये पाळलेला नर ससा, वजन पावणेदोन किलो. काल संध्याकाळपासून गाजरालाही तोंड लावत नाही. लेंड्या आधी मिऱ्याएवढ्या बारीक झाल्या आणि आज सकाळपासून एकही नाही. अंग चोरून कोपऱ्यात बसतो. रोजचं खाणं म्हणजे दुकानातलं दाणे-बिया मिसळलेलं खाद्य, गाजर, चपाती आणि मुलं देतात ते बेदाणे. शेजारी म्हणतात ओवा-हिंगाचं पाणी पाजा.

ते पाणी पाजू नका, आणि आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावा. कुत्रं एक दिवस जेवलं नाही तर वाट बघता येते. ससा १०-१२ तास काही खात नसेल आणि लेंड्या थांबल्या असतील तर ती तातडीची वेळ असते. पुढचं सगळं दवाखान्यात पोचेपर्यंत आणि तिथून आल्यावर करायचं आहे, दवाखान्याऐवजी नाही.

आत काय होतं ते कळलं की बाकीचं आपोआप पटतं. ससा रवंथ करत नाही. त्याचं आतडं चालतं ते गवताच्या लांब, न पचणाऱ्या धाग्यांच्या रेट्यावर. ते धागे आतड्याला पुढे ढकलायला लावतात आणि कोरड्या गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक भाग अंधांत्रात, म्हणजे आतड्याला जोडलेल्या मोठ्या पिशवीत जातो, तिथले जिवाणू तो आंबवतात, आणि त्यातून द्राक्षाच्या घडासारख्या मऊ, चकचकीत लेंड्या तयार होतात. त्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. ती घाण नव्हे, त्याचा आहारच आहे. गवत कमी आणि पीठ-साखर जास्त झाली की आतडं मंदावतं, पोटातला ऐवज कोरडा होऊन घट्ट बसतो, नको ते जिवाणू वाढतात, वायू धरतो. वायूने पोट दुखतं, दुखतं म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे वरून सुटका नाही. त्यात अंगाने लठ्ठ ससा उपाशी राहिला तर चरबी यकृतात साचायला लागते. म्हणून मी तास मोजायला सांगतोय.

आता सशाला जमिनीवर, टॉवेलवर घ्या. उचलून कमरेत लोंबकळू देऊ नका. घाबरून मागचे पाय झाडले तर त्याचा कणा मोडू शकतो. फासळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकेच दाबून बघा. पोट भिजवलेल्या कणकेसारखं लागलं तर बहुधा आतडं मंदावलंय. नगाऱ्यासारखं ताणलेलं लागलं, ससा एकाएकी गळून गेला असेल, कान गार असतील, तर आतड्यात पुढे अडथळा असू शकतो किंवा जठर वायूने फुगलेलं असू शकतं. अशा वेळी तोंडात एक थेंबही घालू नका, पोट चोळू नका, सरळ दवाखाना गाठा. हा फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या प्रकारात जे भरवणं सशाला वाचवतं तेच दुसऱ्या प्रकारात जिवावर बेततं. शंका असेल तर भरवू नका.

शरीराचं तापमान घेता आलं तर डॉक्टरांना मोठी मदत होते. मऊ टोकाच्या डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात जेमतेम एक सेंटिमीटर. झटापट करत असेल तर सोडून द्या. माणसाचे आकडे इथे डोक्यातून काढून टाका: सशाचं १०१ ते १०४ फॅरनहाइट हे नेहमीचं आहे. १०२ बघून ताप समजून गार फडकं ठेवलं तर उलटंच व्हायचं. काळजी करायची ती १००च्या खाली गेल्यावर. तेव्हा आधी ऊब द्यायची: बाटलीत कोमट-गरम पाणी भरून, जाड टॉवेलात गुंडाळून कुशीला ठेवा, आणि त्याला हवं तेव्हा बाजूला सरकायला जागा असू द्या. गारठलेल्या सशाला भरवलेलं पुढे सरकत नाही. एप्रिल-मे मधल्या सांगलीत मात्र याच्या उलटही घडतं. कान तापलेले, तोंडाने श्वास, लाळ, असं दिसलं तर उन्हाळा बाधलाय. कान ओल्या हाताने पुसा, सावलीत ठेवा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, आणि निघा.

पोट मऊ आहे, ससा शुद्धीत आहे, गिळतोय, तापमान ठीक आहे, आणि डॉक्टरांनी फोनवर हो म्हटलंय, तर भरवायला घ्या. परदेशी कंपन्यांची आजारी सशासाठीची पूड ऑनलाइन मिळते, पण ती येईपर्यंत थांबता येणार नाही. बिया-दाणे नसलेल्या साध्या हिरव्या पेलेट्स (दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या) एक भाग, कोमट पाणी तीन भाग, अर्धा तास भिजवा, मिक्सरला फिरवा आणि चहाच्या गाळणीतून काढा. पातळ पिठल्याइतपत सैल हवं. बिनसुईची एक किंवा अडीच मिलीची सिरिंज घ्या. तोंड बारीक असल्याने ती सारखी तुंबते. टोक कापलंत तर कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, नाहीतर हिरडी कापते.

पटाशीच्या दातांच्या मागे आणि दाढांच्या पुढे सशाच्या जबड्यात मोकळी जागा असते. सिरिंज तिथून, बाजूने आत घाला, समोरून नाही. एका वेळी अर्धा मिली. तो चावतो, गिळतो, मग पुढचा. ससा चारी पायांवर, डोकं नैसर्गिक उंचीवर. उताणा धरून पाजलं की पाणी फुप्फुसात जातं, आणि घरी मेलेल्या सशांत हे कारण पुष्कळदा असतं असं मला वाटतं. पावणेदोन किलोच्या सशाला पहिल्या खेपेला ५-८ मिली पुरे. ते नीट गेलं तर पुढे दर खेपेला १५-२० मिली, दिवसात चार-पाच वेळा. मधल्या वेळात साधं कोमट पाणी, तसंच थोडं थोडं. एरवी या वजनाचा ससा दिवसाला १००-१५० मिली पाणी पितो, हा अंदाज डोळ्यासमोर ठेवा. सोबत हरळी, कोथिंबीर, पुदिना नाकाशी ठेवून द्या. वासाने कधी कधी तोंड सुटतं.

औषधांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात. लहान बाळाच्या पोटदुखीचे थेंब सशाला देतात. नुसतं सिमेथिकोन (वायूवरचं औषध) असेल तर ते अपाय करत नाही, उपयोग किती होतो याबद्दल मात्र पशुवैद्यांत एकमत नाही. पण त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत डायसायक्लोमिन असतं. ते आतड्याची हालचाल कमी करतं, म्हणजे आधीच थांबलेल्या आतड्याला ब्रेक लावल्यासारखं. लेबल वाचल्याशिवाय थेंबही नको. ग्राइप वॉटर, एरंडेल, ताक, दही, गुळाचं पाणी यातलं काहीच नको. केसांचा गोळा विरघळावा म्हणून पपई किंवा अननसाचा रस पाजतात, त्याने केस विरघळत नाहीत, साखर तेवढी जाते. केस सशाच्या पोटात नेहमीच असतात. आतडं थांबलं म्हणून ते साचतात.

दवाखान्यात साधारण हे होईल: कातडीखाली सलाइन, दुखणं कमी करायला मेलॉक्सिकॅम, कधी आतडं हलवणारं औषध. हे शेवटचं अडथळा नाही याची खात्री झाल्यावरच, म्हणून एक्स-रे काढायला सांगितला तर नाही म्हणू नका. मेलॉक्सिकॅमची माणसाची गोळी अंदाजाने मोडून देऊ नका. अंगात पाणी कमी असताना ते मूत्रपिंडावर जातं. आपल्या भागातल्या बहुतेक डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशींत जातो, त्यामुळे दोन गोष्टी तुम्ही आपणहून, आदराने विचारा. एक, अमोक्सिसिलिन, अँपिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन या प्रतिजैविकांतलं काही तोंडावाटे दिलं जात नाहीये ना; ही सशाच्या अंधांत्रातले चांगले जिवाणू मारतात आणि त्यातून जीवघेणी हगवण लागते. दोन, दाढा आतून बघितल्या का. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, गवत चावून ते झिजले नाहीत तर दाढेला काटे येतात आणि जीभ-गाल सोलतात. ससा खायला जवळ येतो, तोंडात घेतो, टाकतो, हनुवटी ओली दिसते, असं असेल तर मूळ दुखणं तिथेच आहे. सांगलीत सोय झाली नाही तर मिरज, कोल्हापूरला विचारा. साताऱ्याकडे कोणी वाचत असेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय पुण्याच्या वाटेवरच आहे, निघण्याआधी फोन करा. जाताना शेवटच्या लेंड्या कागदात बांधून न्या आणि खोक्यात त्याचं ओळखीचं फडकं टाका.

लेंड्या सुरू झाल्या की लोक भरवणं थांबवतात आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच होतं. पहिल्या लेंड्या बारीक, वेड्यावाकड्या, केसांनी माळेसारख्या ओवलेल्या येतील. तो आपण होऊन गवत खाईपर्यंत सिरिंज चालू ठेवा.

बरा झाल्यावर खाणं बदलावं लागेल, आणि इथे सांगली-साताऱ्यात राहणं फायद्याचं आहे. त्याच्या अंगाएवढा गवताचा ढीग रोज, सगळ्या खाण्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग. मारवेल, पवना, हरळी, डोंगरी वाळलं गवत, सगळं चालतं. कडब्याची वाळली पानंही. पण कुसळी गवत नको, कुसळं हिरडीत रुततात. कोवळं कडवळ (चाऱ्याची हिरवी ज्वारी) नको. ज्या विषाने जनावरांना किराळ लागते तेच त्यात असतं. मेथीघास वाढत्या पिल्लाला ठीक, मोठ्या सशाला रोज दिला तर कॅल्शियम जास्त होऊन लघवी गाळासारखी होते. द्राक्षबागेतलं किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचं गवत कितीही हिरवंगार दिसलं तरी आणू नका. पावसाळ्यात पेंढी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, बुरशीचा वास आला की टाकून द्या.

पेलेट्स दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास. पाला मूठ-दोन मूठ: कोथिंबीर, मुळ्याचा, गाजराचा, शेपू, पालक कमी. गाजराचा कंद म्हणजे खाऊ, आठवड्यातून दोनदा एक चकती. चपाती, बिस्कीट, भिजवलेला हरभरा, भडंग, बेदाणे बंद. मुलांना द्यायचंच असेल तर हरळीची जुडी हातात द्या, ससा ती हातून खातो. नव्या गवतावर एकदम नेऊ नका, दोन आठवडे जुनं कमी करत नवं वाढवा. पाणी बाटलीपेक्षा जड वाडग्यात ठेवा, त्यातून तो जास्त पितो.

एक वही करा. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन, आणि रोज सकाळी ट्रेमधल्या लेंड्यांवर नजर: वाटाण्याएवढ्या, गोल, चुरल्यावर आत गवताचे धागे दिसले पाहिजेत. त्या बारीक, काळ्या, कमी व्हायला लागल्या की खाणं सुटायच्या एक-दोन दिवस आधीच तुम्हाला कळेल. आज फोन झाला की पोट कसं लागलं आणि थर्मामीटर किती दाखवतोय ते इथे खाली लिहा, मी रात्री पुन्हा बघतो.