दोन मॉनिटर आहेत. विंडो नको तेव्हा कडेला चिकटून अर्धी होते आणि मधल्या कडेला हवी तेव्हा होत नाही. काय सेटिंग करावं?

भाऊ, ‘विंडोजच्या सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंगमध्ये जा आणि स्नॅप विंडोज (विंडो कडेला चिकटवणारी सोय) बंद करून टाका’ असं तुम्हाला कोणी ना कोणी सांगेलच. ते करू नका. एका मॉनिटरवर कदाचित खपून जाईल, दोन मॉनिटरवर तो उपाय रोगापेक्षा वाईट आहे.

इथे नागपुरात सिव्हिल लाइन्सला, हायकोर्टाच्या खंडपीठाच्या आसपास, टायपिंग-अनुवादाचं एक ऑफिस आहे. डाव्या मॉनिटरवर स्कॅन केलेल्या निकालाची पीडीएफ, उजव्यावर वर्ड. तक्रार हुबेहूब तुमची होती. बर्डीवरून देखभालीला येणाऱ्या माणसाने सगळ्या मशीनवर स्नॅप विंडोजचं ते मुख्य बटण बंद केलं. चिकटणं थांबलं, आणि लगेच नवी तक्रार सुरू झाली: मॅक्सिमाइझ केलेली पीडीएफ टायटल बार (विंडोची सगळ्यात वरची पट्टी) धरून दुसऱ्या मॉनिटरवर ओढायला गेलं की ती जागची हलेना. त्याने आधी माऊस बदलला, मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा टाकला, शेवटी केबलवर आला. दोष यांपैकी कशातच नव्हता.

त्या एका बटणाखाली बऱ्याच गोष्टी बांधलेल्या आहेत. विंडो ओढून कडेला नेली की अर्धी होणं, ही एक. मॅक्सिमाइझ झालेली विंडो टायटल बार धरून खाली ओढली की सुटून हातात येणं, ही दुसरी. विंडोची वरची किंवा खालची किनार ताणून स्क्रीनच्या कडेला लावली की ती पूर्ण उंचीची होणं, ही तिसरी. शिवाय विंडोज बटण आणि डावा-उजवा बाण दाबून अर्धी करण्याची सोय. मुख्य बटण बंद केलं की ही सगळीच वरात घरी जाते. त्रास फक्त पहिल्या गोष्टीचा असतो.

म्हणून पहिलीच बंद करायची. रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची नोंदवही) एडिटरमध्ये उघडा, एचकी करंट युजर, त्यात कंट्रोल पॅनेल, त्यात डेस्कटॉप. उजवीकडे डॉक-मूव्हिंग नावाची नोंद दिसेल (नाव सलग लिहिलेलं असतं), तिची किंमत १ असते, ती ० करा. तिथेच असलेल्या ड्रॅग-फ्रॉम-मॅक्सिमाइझला हात लावू नका, ती १ च राहू द्या. विंडो-अरेंजमेंट-ॲक्टिव्हसुद्धा १ हवी. ती ० असेल तर बाकीच्यांना काही अर्थ उरत नाही. साइन आउट करून परत या. आता माऊसने ओढलेली विंडो जिथे सोडाल तिथे राहील, आणि अर्धी हवी असेल तेव्हा विंडोज बटण आणि बाण आहेच.

यावर त्या माणसाचं म्हणणं होतं, “रजिस्ट्रीले काहून हात लावता?” आजही तो तेच म्हणतो. पण सेटिंग्जमधलं ते बटण तरी दुसरं काय करतं? याच जागी विंडो-अरेंजमेंट-ॲक्टिव्हची किंमत बदलतं. हात रजिस्ट्रीलाच लागतो, फक्त कुऱ्हाडीने.

रजिस्ट्रीत जायचंच नसेल तर एवढं लक्षात घ्या: चिकटणं ठरतं ते माऊसचा पॉइंटर कुठे पोचला यावर. विंडोची किनार कडेला लागली म्हणून काही होत नाही. विंडो डाव्या कडेला भिडवून ठेवायची असेल तर टायटल बार उजव्या बाजूला धरा. पॉइंटर कडेपर्यंत जातच नाही, विंडो आहे त्या आकारात राहते. विंडोज ११ मध्ये मात्र स्नॅप विंडोजच्या खाली ‘कडेपर्यंत न ओढताही स्नॅप होऊ द्या’ अशा अर्थाची खूण असते, ती आधी काढा. वर ओढल्यावर विंडो मांडायच्या तयार आराखड्यांची जी पट्टी खाली उतरते तिचीही खूण वेगळी आहे. तीही काढली तरी मॅक्सिमाइझच्या चौकोनावर पॉइंटर नेऊन किंवा विंडोज आणि झेड दाबून आराखडे मिळतातच.

मधल्या कडेचं म्हणाल तर तिथे माऊसने झगडू नये. ती कड दोन्ही स्क्रीनची सामाईक आहे. जोरात ओढलं की विंडो पलीकडे जाते, हळू ओढलं तर थबकते आणि कधी चिकटते. विंडोज बटण आणि उजवा बाण दाबा: डाव्या मॉनिटरच्या उजव्या अर्ध्यात बसेल. पुन्हा दाबलं की पलीकडच्या मॉनिटरच्या डाव्या अर्ध्यात. अर्धी न करता नुसती पलीकडे पाठवायची असेल तर सोबत शिफ्ट दाबा.

मधल्या कडेचा थोडाच तुकडा चिकटत असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन्ही मॉनिटरचे चौकोन बघा. एक वर-खाली सरकलेला असेल, तर जेवढा भाग समोरच्याला भिडत नाही तेवढा बाहेरची कड धरला जातो. चौकोन ओढून समोरासमोर आणा.

विंडोज ११ मध्ये तीन उभ्या रकान्यांचा आराखडा दिसत नाही म्हणून पुष्कळ जण मॉनिटरला शिव्या घालतात. त्याला स्केलिंगनंतर (डिस्प्ले सेटिंगमधलं अक्षरं मोठी दाखवण्याचं प्रमाण धरून) १९२० पिक्सेल रुंदी लागते. १९२० चा मॉनिटर १२५ टक्के स्केलवर असेल तर हिशेबात १५३६ च उरतात. स्केल १०० करा, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या वेगळ्या सॉफ्टवेअरमधलं फॅन्सीझोन्स टाका. त्यात आपले कप्पे आपण आखायचे आणि शिफ्ट धरून विंडो ओढायची. १३६६ च्या जुन्या स्क्रीनवर अर्धी विंडो ६८३ पिक्सेलची होते, तिथे वर्ड आणि पीडीएफ शेजारी लावायचा हट्ट माझ्या मते सोडावा. चौथाईचं तर नावच काढू नये, वर्डचा रिबनच निम्मी उंची खातो.

आता राहिलेल्या अटी. ज्या विंडोचा आकार बदलता येत नाही, मॅक्सिमाइझचं बटणही नसतं, अशी जुनी सॉफ्टवेअरं कोणत्याच सेटिंगने अर्धी होत नाहीत. कंपनीचं मशीन असेल तर रजिस्ट्री बंद असू शकते, आधी ॲडमिनला विचारा. आणि एक्सएफसीई डेस्कटॉप असलेलं लिनक्स असेल तर वरचं सगळं विसरा: तिथे विंडो मॅनेजर ट्वीक्सच्या ॲक्सेसिबिलिटी टॅबमध्ये कडेला टाइल होण्याची खूण आहे, आणि विंडो कडेला नेल्यावर वर्कस्पेस (दुसरा आभासी डेस्कटॉप) बदलण्याची सोय चालू असेल तर ती आधी बंद करावी लागते.