तवशाच्या जागी सफरचंद

बाळा,

तुझा निरोप वाचला. घरातल्या सगळ्या मैत्रिणींनी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आपापल्या घरचा या ऋतूतला केक करायचं ठरवलंय, आणि तू विचारतेस, "आई, आपल्या मराठी लोकांत असं काही करतात का गं? की मी सरळ सफरचंद-रोझमेरीचा केक करू?"

करतात तर! कोकणात आणि गोव्यात तवसळी करतात, काही घरांत तिला धोंडस म्हणतात. पाऊस ओसरता ओसरता परसातल्या वेलावरच्या काकड्या हातभर वाढून पिवळ्या पडतात. अशी काकडी म्हणजे तवसं. साल जाड, बिया निबर. ते तवसं कोशिंबिरीला काही बरं लागत नाही. मग ते किसायचं आणि त्याच्याच पाण्यात तांदळाचा भाजलेला रवा शिजवायचा. त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, काजू, चिमूटभर मीठ. पातेल्याला तूप लावून मिश्रण थापायचं, खाली मंद आच, वर झाकण आणि झाकणावर निखारे. दोन्हीकडून भाजून तिला तांबूस खरपूस कड येते. ओव्हन नव्हता म्हणून आपल्याकडे भाजणं नव्हतं, असं कुणी म्हणालं तर त्यांना हे सांग. शहरातही दिवाळीच्या आधी बायका रवा-मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायच्या आणि तिथल्या भट्टीत नानकटाई भाजून आणायच्या.

आता तुझ्या रोझमेरीकडे येते, कारण मला तिच्याबद्दलच जास्त सांगायचंय. आपल्याकडे हळदीचं पान या दिवसांत ताजं असतं. पातोळ्या त्यात वाफवतात, तवसळीच्या पातेल्यातही कुणी तळाला ते पान घालतं. पण पान आपण खात नाही. वाफेबरोबर त्याचा वास पिठात उतरला की पान सोलून बाजूला ठेवतो. रोझमेरीशीही तसंच वाग. इथले इंग्रज लोक तिची पानं चिरून केकमध्ये घालतात, ती दाताखाली सुईसारखी येतात आणि कडू लागतात. तू पाव वाटी तूप अगदी मंद आचेवर पातळ कर, त्यात रोझमेरीची बोटभर काडी टाक, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेव आणि मग काडी काढून टाक. हळदीच्या पानाचा वास काही यायचा नाही. रोझमेरीचा वेगळाच, रानातला वास येईल, आणि तो गुळाबरोबर फार छान लागतो.

सफरचंद मात्र ब्रॅम्लीच घे. इंग्लंडातल्या आपल्या नॉटिंगहॅमशरमधलंच ते. साउथवेल गावात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीने १८०९ साली बी लावली, त्या झाडाचं हे फळ. नाव मिळालं ते पुढे ते घर विकत घेणाऱ्या मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाचं. मला नेहमी वाटतं, नाव त्या मुलीचं असायला हवं होतं. कच्चं खायला ते तवशासारखंच निरुपयोगी, आंबटढाण. पण भाजलं की विरघळून जातं आणि रव्यात मिसळतं. गोड सफरचंदाच्या फोडी तशाच राहतात, तो केक वेगळा.

दोन वाट्या बारीक रवा चमचाभर तुपावर वास सुटेपर्यंत भाजून गार कर. दोन वाट्या सफरचंदाचा कीस, दीड वाटी चिरलेला गूळ आणि चिमूटभर मीठ कालवून ठेव, गूळ आपोआप विरघळतो. मग रवा, अर्धी वाटी ओलं खोबरं, ते वासाचं तूप आणि वाटीभर घुसळलेलं दही घाल. तवशाइतकं पाणी सफरचंदाला सुटत नाही, म्हणून दही. अर्धा तास झाकून ठेव. या अर्ध्या तासाची घाई करू नकोस, रवा फुलला नाही तर केक कचकचीत होतो. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट हवं. फारच घट्ट वाटलं तर थोडं दही घाल. शेवटी अर्धा चमचा खायचा सोडा, थोडी वेलची. २० सेंटीमीटरच्या भांड्यात, ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सियसवर, पाऊण तास भाज. सुरी घालून बघ, ओलं लागलं तर आणखी पाच-दहा मिनिटं. रोझमेरी आणि वेलचीच्या भांडणात वेलची कमीच राहू दे, नाहीतर दोन्ही वास एकमेकांवर चढतात.

यात अंडं नाही, म्हणून दसऱ्याला देवापुढे ठेवायलाही चालेल. तुझ्या आजीने ठेवला असता, खात्री आहे मला. तिने जे पिकलंय ते आधी देवाला आणि मग शेजारी, असंच केलं.

रविवारचा आहे तर शनिवारी रात्रीच भाज. रवा रात्रभर मुरतो आणि वड्या नीट पडतात. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नकोस, आणि मैत्रिणींना देताना प्रत्येक वडीवर थोडं कोमट तूप सोड.

तुझी
आई