घासू नका हो, भिजत ठेवा!

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेलो की समुद्रातलं जुनं नाणं हाती लागलं तर पहिल्या दिवशी काहीही करू नका, आणि त्यावर एवढे मेसेज आले की संपादक म्हणाले आता या वेळचा कॉलम त्याच्यावरच होऊन जाऊ दे. त्यातले चार घेतलेत.

प्रश्न (वर्सोव्याहून एक ताई): आमच्या यांच्या डोलीच्या जाळ्यात चिखलाबरोबर मुठीएवढा एक दगड आला, फोडला तर आत तीन हिरवी नाणी. सासूबाईंनी एक चिंच-मीठ लावून घासलं, लालबुंद झालं, व्हिक्टोरिया राणीचा चेहरा पण दिसला. पण पंधरा दिवसांत त्यावर फिकट हिरवी भुकटी आली, पुसली तरी परत येते. बाकीची दोन अजून बादलीतच आहेत. काय करू?

उत्तर: ताई, दोन बादलीतच राहिली हे फार बरं झालं. आणि सासूबाईंना काही बोलू नका, तांब्याचा हंडा त्यांनी आयुष्यभर असाच लखलखीत ठेवला असणार. फक्त नाणं म्हणजे हंडा नव्हे.

काय झालंय बघा. समुद्रात वर्षानुवर्षं पडलेल्या तांब्यात मीठ आत मुरतं. वरचा हिरवा थर दिसतो, त्याच्याखाली तांबं आणि मिठातलं क्लोराइड मिळून झालेला एक फिकट मेणासारखा थर असतो, तो दिसत नाही. पाण्यात असेपर्यंत तो गप्प असतो, हवा आणि ओलावा लागला की त्यातून आम्ल तयार होतं, ते आम्ल नवीन तांबं खातं, त्यातून परत तोच थर, परत आम्ल, असं चक्र चालू राहतं. तुमची हिरवी भुकटी म्हणजे तेच. याला ब्राँझ डिसीज म्हणतात, नावात ब्राँझ असलं तरी साध्या तांब्यालाही होतो. आणि चिंचेबरोबर आपण वरून आणखी मीठ चोळतो, म्हणजे ज्याने आजार झाला तेच औषध म्हणून दिलं!

तुम्हाला सोप्या भाषेत सांगतो, खारा मासा करायच्या आधी तुम्ही दोन-तीन पाण्यांतून काढता ना, इथेही तेच करायचं. फक्त दोन-तीन पाण्यांनी भागत नाही, महिने लागतात. ते घासलेलं नाणंसुद्धा परत पाण्यात टाका. पहिले आठ-दहा दिवस नळाचं पाणी चालेल, रोज बदला. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणा, काचेच्या बरणीत तीन नाणी वेगवेगळी ठेवा (एकमेकांना चिकटून नको) आणि आठवड्याला पाणी बदला. कधी थांबायचं ते कळायला आरओवाला मेकॅनिक खिशात ठेवतो तो पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या. ताज्या डिस्टिल्ड पाण्यात आकडा जवळपास शून्य येतो, आठवडाभर नाणं त्यात राहिलं की वाढतो, म्हणजे मीठ अजून निघतंय. सलग चार-पाच आठवडे आकडा हलला नाही की मग बाहेर काढायचं बघा. म्युझियमच्या लॅबमध्ये पाण्याऐवजी सोड्याचं सौम्य द्रावण वापरतात, ते आणखी खोलवरचं मीठ काढतं, पण नाण्याचा रंगही बदलू शकतं, म्हणून घरी मी सुचवणार नाही.

वरचा चुना-शिंपल्यांचा थर लिंबू किंवा व्हिनेगरने झटकन जातो हे खरंय, पण त्याच्याबरोबर अक्षरंही जातात. मी बाभळीचा काटा वापरतो. हसू नका, तो सुईसारखा तांब्यावर ओरखडा काढत नाही, पण चुन्याचा कण मात्र उचलतो. नाणं ओलं ठेवायचं, भिंग लावायचं, काटा जवळजवळ आडवा धरायचा आणि एका वेळी तांदळाच्या कणीएवढा भाग. हललं नाही तर सोडून द्यायचं, परत आठवडाभर पाण्यात. एका नाण्याला माझा अख्खा पावसाळा गेलाय, बायको म्हणते एवढ्यात पीएचडी झाली असती.

शाळेत असताना मी स्वतः एक पाव आणा टूथपेस्टने घासून आरशासारखा केला होता आणि मोठ्या दिमाखात फोर्टातल्या एका नाणेवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने हातात न घेताच लांबून सांगितलं, घासलंय. तेवढंच. पुढचं काही बोललाच नाही.

तुमची नाणीसुद्धा पाव आणेच असावीत असं वर्णनावरून वाटतं. चेहऱ्याभोवतीची इंग्रजी अक्षरं वाचा, ‘क्वीन’ असेल तर 1862 ते 1876 मधलं, ‘एम्प्रेस’ असेल तर 1877 नंतरचं, म्हणजे मागचं साल झिजलं असलं तरी अंदाज येतो. सगळं झाल्यावर नीट सुकवून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. मुंबईत पावसाळ्यात ओलावा 80 टक्क्यांच्या वर असतो आणि हा आजार त्याच्या निम्म्या ओलाव्यातही डोकं वर काढतो, त्यामुळे शोकेसमध्ये उघडं नको.

प्रश्न (दादर, कॉलेज विद्यार्थी): सर, व्हिडिओत दाखवतात की अॅल्युमिनियम फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी, चांदीचं नाणं दोन मिनिटांत पांढरंशुभ्र. समुद्रातल्या रुपयाला चालेल का?

उत्तर: आजीच्या चांदीच्या वाटीला चालेल, या रुपयाला नको. वाटीवरचा काळा थर हा गंधकाचा असतो, पातळ असतो. समुद्रातल्या चांदीवर क्लोराइडचा जाड राखाडी थर असतो आणि बऱ्याचदा राणीचं नाक-डोळे त्या थरातच उरलेले असतात, थर गेला की चेहरा गेला. शिवाय रुपयात चांदी 91.7 टक्के आणि बाकी तांबं, ते तांबं खारं पाणी आधी खातं आणि नाणं आतून बिस्किटासारखं ठिसूळ होतं. सोनाराकडे वजन कर. राणीचा रुपया 11.66 ग्रॅमचा असतो, तुझा नऊ भरला तर समजून जा की बाकीचा समुद्राने ठेवून घेतला, आणि मग बोटात दाबूनसुद्धा बघू नकोस.

प्रश्न (भाईंदर): ट्रेनमधून लोक खाडीत नाणी टाकतात. मी ओहोटीला दोरीला मॅग्नेट बांधून जातो, पण सगळी नवीनच मिळतात, जुनी का नाही? आणि मिळाली तर ठेवून घेतली तर चालतं का? डॉकमध्ये अजून सोन्याच्या विटा आहेत म्हणतात ते खरं का?

उत्तर: कारण तुमचा मॅग्नेट फक्त लोखंडाच्या आणि निकेलच्या जातीचं उचलतो. 1988 नंतरचे स्टीलचे चार आणे-आठ आणे आणि 1992 नंतरचा स्टीलचा रुपया येणार, फार तर 1947 चा निकेलचा रुपया. तांबं, चांदी, अॅल्युमिनियम याला मॅग्नेट ढुंकून बघत नाही, ते सगळं तुमच्या मॅग्नेटच्या शेजारी गाळात निवांत पडलेलं असणार. अॅल्युमिनियमचे दोन-तीन पैसे मिळालेच तर सोडा अजिबात लावू नका, सोडा अॅल्युमिनियम खातो, नुसतं पाणी. आणि भरतीचं टाइमटेबल बघून जा, खाडीचा गाळ पाय धरतो, एकट्याने तर नकोच.

ठेवून घेण्याबद्दल, आणि वर्सोव्याच्या ताई, हे तुमच्यासाठीपण आहे. 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून चालू आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं असा तो आहे. दहा रुपये, त्या काळचे! आजच्या दहा रुपयांत कटिंगपण येत नाही, पण आकडा तोच. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याचा धंदा करायला लायसन्स लागतं. गाळातला किंवा जाळ्यातला माल म्हणजे आपला असं धरून चालू नका. सुटी दोन नाणी मिळाली तर कोणी तुमच्या मागे येत नाही, पण दगडात एकत्र चिकटलेली नाणी म्हणजे खाली फुटलेलं जहाज असू शकतं, ते लेखी कळवायलाच हवं. ताईंना बांद्र्याचं उपनगर कलेक्टर ऑफिस, भाईंदरला ठाण्याचं. जाळं कुठे टाकलं होतं, किती वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी होतं, सोबत मडक्याचे तुकडे किंवा खिळे आले का, हे आजच वहीत लिहा. आणि तो फोडलेला दगड फेकू नका, आत नाण्यांचे ठसे असतात!

विटा खऱ्या होत्या. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं, त्यात स्फोटकं, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा, एकेक साडेबारा किलोच्या आसपास. एक तर उडून दूर एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली आणि त्यांनी ती परत केली. काही विटा पुढे कित्येक वर्षांनी गाळ काढताना मिळाल्या. पण तिथे मॅग्नेट घेऊन जाऊ नका, एक तर सोनं चिकटत नाही आणि दुसरं म्हणजे सिक्युरिटीवाला तुम्हालाच चिकटेल.

प्रश्न (डोंबिवली): प्रदर्शनात एक तांब्याचं नाणं घेतलं, 1808, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला फारसी अक्षरं आणि खाली ‘दहा काश’. विकणारा म्हणाला बुडालेल्या जहाजातलं आहे. पण हे तर चकाचक आहे, फसलो का?

उत्तर: बहुतेक नाही. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासकडे पाठवायला इंग्लंडमध्ये ही नाणी पाडून घेतली होती, अॅडमिरल गार्डनर नावाच्या जहाजात भरली आणि जानेवारी 1809 मध्ये ते इंग्लंडमधल्या केंटच्या किनाऱ्यापाशी गुडविन सँड्स नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर फुटलं. 1980 च्या दशकात त्यातली लाखो नाणी वर काढली. पिंपांत गच्च भरलेली होती, त्यामुळे मधल्या नाण्यांना खारं पाणी कमी लागलं आणि कडेच्यांना जास्त, म्हणून एकाच जहाजातलं एक कोरं आणि दुसरं खडबडीत असं दोन्ही बाजारात मिळतं. संख्या खूप असल्यामुळे किंमत साधीच आहे, तुम्ही हजारो रुपये मोजले असतील तर मात्र फसलात, नाण्यात नव्हे, भावात. भिंगाने सिंहाच्या आयाळीत आणि फारसी टिंबांच्या खोबणीत बघा, फिकट हिरवा ठिपका असेल तर वरच्या ताईंची ट्रीटमेंट यालाही. नसेल तर काही करू नका. ज्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात मिळालं त्यातून मात्र काढा, त्या प्लास्टिकमधून पुढे आम्ल सुटतं आणि चिकट हिरवं होतं. कागदाच्या पाकिटात ठेवा, आणि कृपा करून किचनच्या कपाटात लोणच्याच्या बरणीशेजारी नको.