कोकणात राहणारा मुलगा व्यावसायिक फुटबॉलमध्ये मिडफिल्डर म्हणून करिअर करू शकतो का?

तुमचा मुलगा १४ वर्षांचा, रत्नागिरीजवळच्या गावातल्या शाळेत, मिडफिल्डला म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत खेळतो. यातून पुढे पोट भरेल का आणि ते आयुष्य असतं तरी कसं, असं तुम्ही विचारलंय. मी बांद्याजवळचा, सिंधुदुर्गातला. गोव्यात सात मोसम डिफेन्सिव्ह मिडफिल्डर म्हणून पगारावर खेळलो. भारतीय संघाच्या आसपासही कधी पोचलो नाही. टीव्हीवर दोनदा दिसलो, त्यातल्या एकदा स्ट्रेचरवर. तेव्हा हे मधल्या फळीतल्या माणसाचं उत्तर आहे, सगळ्या अर्थांनी.

करिअर होऊ शकतं. पण मिडफिल्डरची एक वेगळीच गोची आहे आणि पालकांना ती कोणी सांगत नाही: त्याचं काम दिसत नाही. स्ट्रायकरने गोल मारला की पेपरात नाव येतं. गोलकीपरची चूकसुद्धा लोक वर्षभर लक्षात ठेवतात. मिडफिल्डर ९० मिनिटांत १०-१२ किलोमीटर पळतो आणि त्यात बॉल त्याच्या पायाशी सगळा मिळून जेमतेम एक-दोन मिनिटं असतो. उरलेल्या वेळात तो जे करतो, त्याचाच पगार असतो. ते कळणारा माणूस मैदानाच्या कडेला उभा असला तर तुमचा मुलगा पुढे जाणार, नसला तर तो 'बरा खेळतो' एवढ्यावरच राहणार.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. २००५ साली, सतरा वर्षांचा असताना, म्हापशाकडे एका क्लबच्या ट्रायलला गेलो. सकाळची एसटी धरून पत्रादेवीमार्गे. साठेक पोरं होती, पाठीवर नंबरच्या बनियनी. मी पहिल्या दहा मिनिटांत तिघांना चकवून पुढे गेलो, आमच्या गावची दोन पोरं बाहेरून ओरडत होती, मला वाटलं झालं काम. कोच पन्नाशीचे, हातात छत्री. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि एकच विचारलं, "तुज्या फाटल्यान कोण आसलो?" बॉल तुझ्याकडे आला तेव्हा तुझ्या मागे कोण होता? मला माहीत नव्हतं. मी मागे बघितलंच नव्हतं. संध्याकाळच्या यादीत नाव नव्हतं.

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण घरी येऊन धाकट्या भावाला कामाला लावलं. भातकापणी झाली होती, आमच्या कुणग्यात धसकटं उभी, पायाला ओरबाडे निघायचे. तो माझ्या मागे पंधरा पावलांवर उभा राहून हाताची बोटं दाखवायचा, समोरून चुलतभाऊ बॉल मारायचा. बॉल पायाला लागायच्या आत मी मागे बघून आकडा ओरडायचा. तीन! पाच! एक! चुकलो की बॉल मी आणायचा, आणि बॉल हमखास वहाळात जायचा. महिनाभराने सवय इतकी लागली की रस्त्यानं चालतानाही मान वळायला लागली. आई म्हणायची, "मान कित्याक फिरवतस रे सारखी? भूत दिसला काय तुका?"

यावर पुढे अभ्यासही झाले आहेत हे मला फार उशिरा कळलं. नॉर्वेचे संशोधक गैर यॉर्डेट यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या मिडफिल्डरांचं चित्रीकरण तपासून हेच मोजलं: बॉल येण्याआधी जो जास्त वेळा आजूबाजूला बघतो, त्याचे पुढचे पास जास्त पोचतात. आमच्या छत्रीवाल्या कोचना संशोधन ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त दिसत होतं.

त्या काळात मी मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर मॅच बघायला जायचो आणि एकदा ठरवून ९० मिनिटं बॉलकडे बघितलंच नाही, फक्त क्लायमॅक्स लॉरेन्सकडे बघितलं. डेम्पो या गोव्याच्या क्लबचा मिडफिल्डर, पुढे भारताचा कप्तान. बॉल दुसऱ्या टोकाला असला तरी हा माणूस दोन पावलं डावीकडे, तीन मागे, असा सरकत असायचा. समोरच्या संघाने पास द्यायला मान वर केली की त्यांना जिथे मोकळी जागा हवी तिथे हा आधीच उभा. पास मग दिलाच जायचा नाही. न दिलेल्या पासची नोंद कोण ठेवणार? डेम्पोने २००४-०५ ते २०११-१२ या काळात राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून पाच विजेतेपदं घेतली. लोकांना आठवतात ती गोल मारणाऱ्यांची नावं. मुलाला असं एका खेळाडूकडे बघायला शिकवा. टीव्हीवर हे होत नाही, कॅमेरा बॉलच्या मागे धावतो. मैदानातच जावं लागतं.

आता वाटेबद्दल. तुम्ही रत्नागिरीत आहात ही अडचण आहे, आणि ती मुलाच्या पायात नाही. आपल्याकडे मोकळी जागा मिळाली की टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा, नाहीतर कबड्डी. फुटबॉल शाळेपुरता. शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा जिंकला की विभाग, आणि शालेय क्रीडास्पर्धांत रत्नागिरी-सिंधुदुर्ग येतात कोल्हापूर विभागात. म्हणजे समोर कोल्हापूर! जिथे पाटाकडील तालमीच्या संघाची मॅच असली की शाहू स्टेडियम भरतं, तिथली पोरं. एकदा कोल्हापूर जिल्हा, त्याच्याकडून वाचलात तर कोल्हापूर मनपा. आम्ही ०-६ ने हरलो होतो, सहावा माझ्याच पायाला लागून. पण हरायला का होईना, तिथे जाच. तिथे बघणारे लोक असतात. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. तो पुढच्या फळीतला. त्याच संघातला जॅक्सन सिंग मात्र मिडफिल्डर, आणि फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल त्याचा, कोलंबियाविरुद्ध, कॉर्नरवरून हेडर.

दुसरी वाट आमच्या बाजूची, गोव्याची. तिथे गावागावात मैदान, फेस्ताला स्पर्धा, आणि गोवा फुटबॉल असोसिएशनच्या लीगला खाली अनेक पायऱ्या. वर प्रोफेशनल लीग, त्याखाली फर्स्ट, सेकंड, थर्ड डिव्हिजन. वरच्या पायरीवर घेतलं नाही तर खालच्या पायरीवर खेळायला मिळतं, आणि १६ ते १९ या वयात मिडफिल्डरला खेळायला मिळणं हेच सगळं आहे. मोठ्या क्लबच्या बाकावर बसून कोणी मिडफिल्डर घडत नाही. मी दोन वर्षं थर्ड डिव्हिजन खेळलो, जाऊन-येऊन, कदंबाच्या बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपत. २००८ मध्ये, विसाव्या वर्षी, पहिला करार. महिना ८,००० रुपये आणि पाच जणांत एक खोली. मॅचच्या दिवशी मीठ घातलेली पेज. त्या दमट उन्हात पोटऱ्यांत गोळे येऊ नयेत म्हणून पेजेवर माझा अजून विश्वास आहे, ट्रेनर काही म्हणोत.

वाळूत पळण्याबद्दल इथे एक वाक्य, कारण कोकणातला प्रत्येक बाप विचारतो: समुद्रावर पळून पोटऱ्या दुखतात, मिडफिल्डर होत नाही. आठवड्यातून एकदा पुरे.

पैसा. वरच्या थरात, म्हणजे आयएसएल (इंडियन सुपर लीग) मध्ये, बरा पगार आहे. त्याखाली करार बहुतेक एका मोसमाचे, आणि पगार कधीकधी आठवड्याने, कधी महिन्याने लांबतो. २०१३ च्या डिसेंबरात माझ्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला, एसीएल म्हणतात तो. कोणी मारलं नाही. वळताना बुटाचा स्टड मातीत रुतला, मांडी फिरली, पाय फिरला नाही. आवाज मला ऐकू आला, सुकी काटकी मोडावी तसा. ऑपरेशन, मग नऊ महिने. करार मे महिन्यात संपला आणि क्लबमधून फोन आला नाही. शेवटचे दोन पगारही आले नाहीत. मागायला गेलो तर कराराची प्रत माझ्याकडे नव्हती, सही केली तेव्हा 'नंतर देतो' म्हणाले होते. ऑपरेशनचा खर्च बाबांनी काजूच्या व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घेऊन भागवला. पुढे एक मोसम दुसऱ्या क्लबकडून खेळलो, पण तोल गेला होता. मागे बघायचो, वळायची मात्र भीती वाटायची.

म्हणून सांगतो, सही केली की त्याच टेबलावर प्रत घ्या. जन्मदाखला वेळेत नोंदलेला असू द्या, वय कमी दाखवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. एआयएफएफच्या, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाच्या, ऑनलाइन नोंदणीत, सीआरएसमध्ये, खेळाडू एका वेळी एकाच क्लबकडे असतो. त्यामुळे कोणत्याही क्लबला कागद देण्याआधी नोंदणी किती काळाची आणि सोडून जायचं असेल तर काय, हे विचारा. आणि कोणी 'स्पेनला ट्रायल लावतो, एवढे लाख द्या' म्हणाला तर लक्षात ठेवा, मोजके अपवाद सोडले तर फिफाच्या नियमाने १८ च्या आत खेळाडूला परदेशी क्लबकडे जाता येत नाही. तुमचा मुलगा त्या अपवादात बसतो असं तो एजंट सांगेल. बसत नाही.

क्लबांचंही कायमचं काही नसतं. मुंबईची महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाली. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा या तिघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. आयएसएलला वरचं स्थान द्यायच्या आराखड्याला त्यांचा विरोध होता. माझ्या ओळखीचे कितीतरी खेळाडू एका उन्हाळ्यात रिकामे झाले. २०२५ च्या जुलैत आयएसएलचाच पुढचा मोसम लीग चालवायच्या हक्कांच्या करारावरून अडकला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. म्हणजे अगदी वरच्या पायरीवरसुद्धा पायाखाली जांभाच असेल असं नाही, चिखलही असतो.

मिडफिल्डरच्या बाजूने मात्र एक गोष्ट आहे. ज्याने दहा-पंधरा वर्षं मधे उभं राहून दोन्ही बाजूंचा खेळ वाचला, त्याला कोचिंग इतरांपेक्षा लवकर जमतं असं माझं मत. क्लिफर्ड मिरांडा घ्या, डेम्पोचा जुना मिडफिल्डर. २०१९-२० मध्ये एफसी गोवाने आयएसएलची लीग शील्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्या संघाची ढाल, जिंकली तेव्हा शेवटच्या टप्प्यात तोच हंगामी कोच होता, आणि २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप त्यानेच जिंकून दिला. तसा कोच प्रत्येकजण होणार नाही. पण एआयएफएफच्या डी लायसन्सपासून सुरुवात करून सी, बी असं चढता येतं. मी सीवर थांबलो. आता बांद्यात हार्डवेअरचं दुकान आहे आणि संध्याकाळी वीस-बावीस पोरं.

दहावी-बारावी सोडू देऊ नका. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याला खेळाचं प्रमाणपत्र लागतं तशी शिक्षणाची अटही असतेच. प्रमाणपत्रं फाइलला लावून ठेवा, पावसाळ्यात कपाटात बुरशी धरते. माझी दोन गेली.

उंची कमी आहे म्हणून काळजी करताय असंही तुम्ही लिहिलंय. डिफेंडर असता तर मीही केली असती.

आता एक काम करा. पुढच्या मॅचला मोबाइल कुंपणाच्या खांबाला बांधा आणि बॉलच्या मागे फिरवू नका. अर्धं मैदान येईल असा ठेवा, पहिली वीस मिनिटं रेकॉर्ड करा. मग घरी बसून कागदावर रेघा ओढा, त्याच्याकडे पास निघाला आणि तो पोचला, तेवढ्यात मुलाची मान किती वेळा मागे वळली. सुरुवातीला बहुतेक पासांना शून्य येईल, माझंही तेच आलं असतं. कुणगे सुकले की भावाला, बहिणीला किंवा तुम्ही स्वतः मागे उभे राहून बोटं दाखवा. दोन महिन्यांनी परत तोच खांब, तीच वीस मिनिटं. रेघा वाढल्या तर मला इथेच कळवा, गोव्यात कुठल्या दिवशी कुठे ट्रायल असते ते मी बघून सांगतो.