पहिल्या सरावाआधी

पहिल्याच दिवशी गायची घाई करू नकोस. आपण पॉलिन ऑलिव्हेरोस या अमेरिकन संगीतकार बाईंच्या एका रचनेने सुरुवात करतो. स्वरलिपी नाही, नुसत्या सूचना: एका श्वासात मनातला कुठलाही स्वर लांब धर. पुढच्या श्वासाला दुसऱ्या कुणाच्या स्वरात आपला मिसळ. मग कुणीच लावलेला नाही असा नवा स्वर लाव. खरी कसोटी इथे आहे, कारण सगळ्यांना ऐकल्याशिवाय तो सापडतच नाही. स्वर मिसळताना शेजारचा नको, खोलीच्या पलीकडच्या टोकाचा आवाज पकड. स्वतःचाच जास्त ऐकू आला तर हळू गा. तानपुऱ्यावर वाढलेला कान सारखा षड्ज, म्हणजे ‘सा’, शोधत राहतो. मला ती सवय सोडायला फार दिवस लागले. स्वर सुचला नाही तर तो श्वास नुसता ऐकण्यात घालव, चालतं.