बेल वाजली की धडधडतं

"बेल वाजली. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि लेकीला खुणेनं सांगितलं, गप्प बस." हे सांगताना ती हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. दाराबाहेर शेजारच्या काकू, हातात खिरीची वाटी. आत सोफ्यावर कपड्यांचा डोंगर.

ती राहते डोंबिवलीत, नोकरी फोर्टला. (ओळख पटेल असे तपशील तिच्या संमतीनं बदललेत.) घरी यायला पावणेआठ होतात. "मॅडम, मी आळशी आहे का हो?" हा प्रश्न समुपदेशनाला आलेल्या कितीतरी बायकांनी माझ्यासमोर बसून विचारलाय. पुरुषानं विचारलेला मला आठवत नाही.

आधी झोप, भूक, आवडीच्या गोष्टींतला रस याबद्दल बोललो. नीटनेटकं राहणाऱ्या माणसाचं एकाएकी घरावरून मन उडालं, तर त्यामागे नैराश्यही असू शकतं. हिचं तसं नव्हतं. हिचा घोळ रविवारचा होता. आठवडाभर साचू द्यायचं आणि रविवारी पाच तास घासत बसायचं. संध्याकाळी घर चकचकीत आणि घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

पहिल्या आठवड्यात मी तिला काहीच आवरू नका म्हटलं. रात्री झोपताना काय कुठे पडलंय तेवढं लिहायचं. यादीत रोज तेच निघालं: एकदा घातलेले पण धुवायला न टाकलेले कपडे, दप्तर, कुरिअरची खोकी, सिंकमधली भांडी. भांडी सोडली तर बाकी कशालाच घरात ठरलेली जागा नव्हती. मग बेडरूमच्या दारामागे हुक लागले, दप्तरासाठी एक कोपरा ठरला. खोकं उघडल्या उघडल्या चपटं करून रद्दीत.

दुसऱ्या भेटीला नवऱ्यालाही बोलावलं. "मी नाही म्हणतच नाही, तिनं फक्त सांगावं," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीतला आकडा मी त्याला सांगितला: स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, पुरुषांची 97. आणि काय करायचं ते सांगणं, आठवण करणं, झालं का ते बघणं, हे त्या मिनिटांत कुणी धरतं का? तो गप्प बसला.

ठरलं ते इतकंच. जेवणं झाली की मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावायचा. तो ओटा आणि सिंक बघणार, लेक हॉल, ही कपडे. गजर वाजला की थांबायचं.

तिला जड गेलं ते थांबणं. ओट्याच्या टाइल्सवर तेलाचा डाग दिसला की हात शिवशिवायचे, अकरा वाजायचे. त्यात नवरा कढई भलत्याच फळीवर ठेवायचा. "ती पुन्हा जागेवर ठेवू नका," हा मी तिला दिलेला सगळ्यात अवघड गृहपाठ. तिनं उचलून ठेवली की त्याचं काम पुन्हा तिचं होणार होतं.

गणपतीत सगळं मोडलं. आठ दिवस गजरच नाही. "संपलं सगळं," असा फोन आला. मी तिला लंडनमधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यात 96 जणांच्या सवयी 12 आठवडे तपासल्या होत्या. सवय अंगवळणी पडायला कुणाला 18 दिवस, तर कुणाला 254 (हा पुढचा हिशेब मांडून काढलेला अंदाज), मधला आकडा 66. एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नव्हतं. आठ दिवस म्हणजे एखादा दिवस नव्हे, हे मीही कबूल केलं. पण हुक जागेवर होते आणि गजर लेकीनंच पुन्हा लावला.

दिवाळीनंतर ती आली ती काकूंची गोष्ट घेऊनच. काकू पुन्हा न सांगता आल्या होत्या, तेव्हा खुर्चीवर दोन शर्ट होते.

"मग?"

"शर्ट बाजूला सारले आणि त्यांना तिथंच बसवलं."