सोडणांचा काथ्या आणि प्लॅस्टिकच्या फळ्या

गुहागरजवळच्या आपल्या बागेतील नारळाच्या सोडणांचा काथ्या प्लॅस्टिकच्या भंगारात मिसळून बाकांच्या फळ्या कराव्यात आणि पुढे होडीतही फायबरग्लासऐवजी तोच वापरावा, असे आपण विचारले आहे. फळ्या करून पाहाव्यात. होडीचा विचार मात्र सोडावा.

काथ्या चिवट दिसतो, पण त्याची ताणशक्ती काचतंतूच्या (फायबरग्लासमधील तंतूच्या) जेमतेम दशांश भरते. त्यात लिग्निन (लाकडातही असणारे, तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य) ४० टक्क्यांच्या आसपास असते आणि सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतींना बळ देणाऱ्या द्रव्याचे, सूक्ष्म तंतू सरळ नसून स्प्रिंगसारखे वेढे घेत गेलेले असतात, त्यामुळे ओढल्यावर तो आधी बराच लांबतो आणि मग तुटतो. होडीला हा गुण पुरत नाही, बाकाला मात्र धक्का सोसण्यासाठी उपयोगी पडतो. शिवाय काथ्याचे वजन काचतंतूच्या निम्मेच असते. ताठपणा हवा असल्यास केळीच्या सोपटाचा धागा अधिक बळकट, आणि तो तर घड उतरवल्यावर बागेतच कुजत पडलेला असतो.

भंगार सरसकट घेऊ नये. पाण्याच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक वितळायला सुमारे २५० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि काथ्या २०० अंशांच्या पुढे करपू लागतो. म्हणून १६५ अंशांच्या आसपास वितळणारे पॉलिप्रॉपिलीन या जातीचे प्लॅस्टिक निवडावे.

खरी अडचण ओलाव्याची आहे. काथ्याला पाणी प्रिय, प्लॅस्टिकला ते नकोसे. दोघांची मुळात गट्टी जमत नाही. त्यासाठी काथ्या कॉस्टिक सोड्याच्या सुमारे ५ टक्के द्रावणात काही तास भिजवून, स्वच्छ धुऊन घेतात आणि मिश्रणात मॅलेइक ॲनहायड्राइड हे रसायन जोडलेले पॉलिप्रॉपिलीन थोडे घालतात, म्हणजे तंतू व प्लॅस्टिक एकमेकांना धरतात. (धुण्याचे पाणी वहाळात सोडू नये, हे वेगळे सांगायला नको.) खाडीत कुजवलेली सोडणे असतील तर आधी गोड्या पाण्याने मीठ काढावे, कारण मीठ ओल ओढते. मिसळण्यापूर्वी काथ्या १०० अंशांच्या आसपास काही तास वाळवावा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत नुसत्या मांडवावर वाळवून भागत नाही, आणि उरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन फळीत पोकळ्या पडतात.

सुरुवातीला वजनाने २० टक्के काथ्या पुरे. पहिल्या फळीचा तुकडा कापून वजन करावे, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा वजन करावे; जेवढे वजन वाढले तेवढे पाणी आत शिरले. पाणी मुख्यत्वे कापलेल्या टोकांतून शिरते, म्हणून बाक जोडण्यापूर्वी ती टोके वितळलेल्या प्लॅस्टिकने बुजवावीत.